नव्या शाळेत आलेल्या मुलाचं रोज सकाळी पोट का दुखतं?

जुलै-ऑगस्टमध्ये माझ्या फैजपूरच्या दवाखान्यात एक ठरावीक तक्रार वाढते. सात ते बारा वर्षांचं मूल, सोबत आई किंवा मोठी बहीण, आणि सांगणं एकच: "डॉक्टर, याचं पोट दुखतं. सकाळी उठल्याबरोबर सुरू होतं, दुपारपर्यंत राहतं, मग आपोआप थांबतं." रविवारी दुखतं का, असं विचारलं की आई जरा विचार करते आणि म्हणते, "नाही हो, रविवारी तर दिवसभर हुंदडत असतो."

मागच्या पावसाळ्यात असाच एक नऊ वर्षांचा मुलगा आला होता. पावरा कुटुंब, मूळ गाव सातपुड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशात. वडील केळीच्या मळ्यात सालदार म्हणून लागले, मळ्यातल्याच खोलीत बिऱ्हाड थाटलं आणि जूनमध्ये पोराला जवळच्या गावातल्या शाळेत घातलं. महिन्याभरात त्याला दोन ठिकाणी सलाइन लागलं होतं, सोनोग्राफीही झाली होती. रिपोर्ट नॉर्मल. आठवड्याभराची कमाई त्यात गेली होती. वडील म्हणाले, "घरी सारखा बडबडतो, शाळेत तोंड उघडत नाही. गुरुजी विचारतात, हा मुका आहे का?"

मुलगा मुका नव्हता आणि त्याचं पोटही खोटं दुखत नव्हतं. अशा मुलांच्या आईवडिलांसाठी हा लेख आहे. ज्यांच्या मळ्यात अशी कुटुंबं राहतात आणि ज्यांच्या वर्गात अशी मुलं बसतात, त्यांनीही तो वाचावा.

पोट दुखतं म्हणजे मूल नाटक करतं का?

नाही. हे पहिल्यांदा घरातल्या सगळ्यांनी नीट समजून घ्यायला हवं. आपल्या आतड्यांना स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं आणि ते मेंदूशी सतत जोडलेलं असतं. परीक्षेच्या दिवशी तुम्हाला स्वतःला दोनदा संडासला जावं लागलं असेल, तेव्हा ते तुम्ही ठरवून केलं नव्हतं. भीती वाटली की शरीरात ताणाची संप्रेरकं वाढतात, आतड्यांची हालचाल बदलते आणि एरवी न जाणवणारी हालचालही कळ म्हणून जाणवू लागते. मुलाला खरोखर दुखतं. फक्त त्या दुखण्याचं मूळ गाठीत, खड्यात किंवा जंतूत सापडत नाही.

ब्रिस्टॉलचे बालरोगतज्ज्ञ जॉन ॲपली यांनी 1958 साली हजार शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण दहातल्या एका मुलाला असं वारंवार पोट दुखत होतं आणि त्यातल्या फार थोड्यांमध्ये शारीरिक आजार सापडला. त्यांनी सांगितलेली एक खूण आम्ही डॉक्टर अजूनही वापरतो: दुखणं बेंबीपासून जितकं दूर, तितका शारीरिक आजाराचा संशय जास्त. कुठे दुखतं असं विचारल्यावर मुलानं पूर्ण तळवा बेंबीवर ठेवला तर मी थोडा निश्चिंत होतो. एक बोट उजव्या बाजूला खाली टेकवलं तर लगेच टेबलावर झोपवून पोट तपासतो.

तरीही आधी शरीर तपासून घ्या

मूल नव्या गावात आलंय, शाळा नवी आहे, म्हणून सगळंच मनाचं असं धरून चालणं हीसुद्धा चूकच. रात्री झोपेतून उठवणारी कळ, वजन घटणं, शौचातून रक्त, हिरवी किंवा वारंवार उलटी, ताप, डोळे पिवळे होणं, लघवीला जळजळ, सांधे सुजणं, बेंबीपासून दूर एकाच जागी दुखणं यातलं काहीही असेल तर शाळेचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आमच्या भागात आणखी तीन गोष्टी मी न चुकता पाहतो. पहिली जंत. शाळा-अंगणवाडीत 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टच्या सुमारास राष्ट्रीय जंतनाशक मोहिमेत अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी चावून खायला देतात. जागा बदलणाऱ्या मुलांचा हा दिवस नेमका चुकतो, कारण फेब्रुवारीत ते एका गावात असतात आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्या. दुसरी रक्तक्षय. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाचं हिमोग्लोबिन 11.5 च्या खाली असेल तर ते कमी आहे. असं मूल प्रार्थनेला उभं असताना चक्कर येऊन पडतं, वर्गात पेंगतं आणि 'आळशी' हा शिक्का घेऊन बसतं.

तिसरी गोष्ट सिकलसेल. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजात हा आनुवंशिक आजार इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो. हातापायांची हाडं दुखणं, वारंवार कावीळसारखे पिवळे डोळे, फिकेपणा, पोटात डाव्या बाजूला वर पानथरी वाढणं अशी त्याची लक्षणं असतात. पोटदुखीही असते आणि ती खरी जीवघेणी ठरू शकते. 1 जुलै 2023 पासून देशभर सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. त्यात 40 वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. आधी साधी सोल्युबिलिटी चाचणी करतात आणि ती पॉझिटिव्ह आली तर पुढची पक्की तपासणी. आमच्या त्या मुलाची ही चाचणी निगेटिव्ह आली, हिमोग्लोबिन मात्र 9.2 निघालं. म्हणजे त्याला दोन गोष्टी होत्या: लोह कमी होतं आणि शाळेत त्याला कुणी ओळखत नव्हतं. लोहाचं औषध मी लिहून दिलं. दुसऱ्या गोष्टीला कागदावर काय लिहावं हे सुचायला जरा वेळ लागला.

सलाइनबद्दल थोडं बोलतो. आमच्या व्यवसायाला हे आवडणार नाही. उलट्या नाहीत, जुलाब नाहीत, मूल पाणी पितंय, अशा वेळी सलाइननं पोटदुखी बरी होत नाही. दुपार झाली की ती तशीही थांबणार असते, आणि श्रेय बाटलीला जातं. त्यात मुलाला असं शिकायला मिळतं की आपल्याला मोठा आजार आहे. पुढच्या सोमवारी दुखणं जास्त जोरात येतं.

ही मुलं निर्वासित म्हणायची का?

कायद्याच्या भाषेत नाही. देशाची सीमा ओलांडून जीव वाचवायला आलेला माणूस तो निर्वासित. धरणात, पुरात किंवा दंगलीत घर गेलं पण देश तोच राहिला तर तो विस्थापित, आणि पोटासाठी गाव सोडणारा स्थलांतरित. या तिघांची कारणं वेगळी असली तरी पहिल्या दिवशी वर्गाच्या दारात उभं राहणाऱ्या मुलाला हे फरक माहीत नसतात. त्याला एवढंच कळतं की इथली भाषा वेगळी आहे आणि मला हाक मारणारं इथे कुणी नाही.

महाराष्ट्राला तिन्ही प्रकारच्या मुलांचा जुना अनुभव आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीनं सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकलेली पोलिश कुटुंबं सुटका झाल्यावर इराणमार्गे भारतात आली. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे 1943 मध्ये त्यांच्यासाठी वसाहत उभी राहिली. सुमारे 5,000 माणसं, त्यात बायका आणि मुलंच जास्त. कित्येक मुलांनी प्रवासात आई, वडील किंवा भावंडं गमावली होती. त्या बराकींमध्ये पोलिश भाषेच्या शाळा निघाल्या, स्काउटची पथकं निघाली, चर्च आणि नाटकं सुरू झाली. आजारी मुलांना हवाबदलासाठी पाचगणीला ठेवलं जाई. 1948 पर्यंत वसाहत रिकामी झाली आणि माणसं वेगवेगळ्या देशांत गेली. त्या वेळची मुलं म्हातारी होऊनही कोल्हापूर बघायला परत येत राहिली.

डॉक्टर म्हणून मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की त्या मुलांना उपचाराआधी दिनक्रम मिळाला. सकाळी घंटा, ओळखीची भाषा, बरोबरीची मुलं, संध्याकाळी खेळ. आज जगभर निर्वासित छावण्यांमध्ये शाळा शक्य तितक्या लवकर सुरू करतात, त्यामागचं कारण हेच. घाबरलेल्या मुलाला आज काय होणार आणि उद्या काय होणार हे आधी कळलं की त्याची झोप सुधारते, भूक लागते.

फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली. कल्याणजवळच्या लष्करी छावणीचं 1949 मध्ये उल्हासनगर झालं. आमच्या जळगाव, भुसावळातही सिंधी वस्त्या झाल्या. खानदेशातलं सगळ्यात जवळचं उदाहरण मात्र सरदार सरोवराचं आहे. नर्मदेच्या काठची, आज नंदुरबार जिल्ह्यात असलेली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावं बाधित झाली. मणिबेलीपासून सुरुवात झाली. काही कुटुंबं तळोदा तालुक्यात सपाटीवर वसवली गेली, काही डोंगरातच वर सरकली. डोंगरात वाढलेल्या मुलाला सपाटीवरचं गाव म्हणजे सगळंच परकं: नदी नाही, जंगल नाही, शेजारी ओळखीचे नाहीत. त्याच काळात, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला, नर्मदा बचाओ आंदोलनानं नदीकाठी जीवनशाळा सुरू केल्या. तिथे पावरी-भिलोरीतून सुरुवात करून मुलं मराठीकडे जात आणि शिकवणाऱ्यांत त्याच गावांतले तरुण असत. धरणाबद्दल कुणाचं मत काहीही असो, शिक्षणाची ही पद्धत मुलांच्या मनाच्या आरोग्याच्या दृष्टीनं बरोबर होती असं मला वाटतं.

घरी बोलतं, शाळेत गप्प

यावल-रावेर पट्ट्यातल्या मराठी शाळेतही वर्गात एक भाषा नसते. घरी कुणी लेवा गणबोली बोलतं, कुणी तडवी, कुणी अहिराणी, कुणी पावरी. पुस्तकातली मराठी त्यातल्या बहुतेकांना दुसरी भाषाच असते, पण लेवा बोलीतल्या मुलाला ती जवळची वाटते आणि पावरी बोलणाऱ्याला ती जवळजवळ नवी भाषा असते.

नवी भाषा शिकताना मुलं आधी फक्त ऐकतात. हा गप्प राहण्याचा काळ काही आठवड्यांचा असू शकतो, काही महिन्यांचाही. त्या काळात मूल शिकत असतं, फक्त तोंडून काढत नाही. त्याला उभं करून "बोल ना, बोल" म्हटलं, सगळा वर्ग हसला, की तो काळ लांबतो. मी स्वतः पाचवीत शिरपूरकडून इकडे आलो. घरची अहिराणी. पहिल्याच आठवड्यात मी वर्गात 'मला' ऐवजी 'माले' म्हणालो आणि पुढे वर्षभर माझं नाव 'माले' पडलं. खानदेशातल्या खानदेशात ही गत, तर डोंगरापलीकडून आलेल्या मुलाचं काय होत असेल याचा अंदाज करा.

कान मात्र जरूर तपासून घ्या. लहानपणी कान वाहिलेल्या कितीतरी मुलांना कमी ऐकू येतं आणि ते भाषेच्या अडचणीखाली दडून राहतं. घरी स्वतःच्या बोलीत, पाठ वळवून, हळू आवाजात हाक मारली तर मूल उत्तर देतं का, हे आईनं सांगायचं. घरी नीट ऐकतं, बोलतं आणि फक्त शाळेत गप्प असतं, तर थांबायला हरकत नाही. पण आधी शाळेत बोलणारं मूल एकाएकी गप्प झालं, किंवा पाच-सहा महिन्यांनंतरही एका शब्दाची सुरुवात नाही, तर बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्या.

पालकांचा एक प्रश्न नेहमी येतो: घरीही मराठीच बोलावं का, म्हणजे लवकर येईल? नको. आई ज्या भाषेत रागावते, समजावते, गोष्ट सांगते त्याच भाषेत बोलू द्या. ती भाषा पक्की असली की तिच्यावर दुसरी चढते. मोडक्या मराठीत आई मुलाशी बोलायला लागली तर मराठी तर येतच नाही, पण दिवसभरात मुलाला मनातलं सांगायला जागाही उरत नाही.

शाळेत नेमकं काय बदलावं?

त्या मुलाच्या केस पेपरमागे मी गुरुजींना चिठ्ठी लिहिली. दवाखान्यातून शाळेला चिठ्ठी जाते ती बहुतेक वेळा 'आजारी होता, गैरहजेरी माफ व्हावी' अशी. या चिठ्ठीत मी लिहिलं की मुलाला गंभीर आजार नाही, त्याला शाळेत पाठवत राहणं हाच उपचार आहे, पोट दुखलं तर दहा मिनिटं बाजूला बसू द्या पण घरी पाठवू नका, आणि त्याला एक सोबती नेमून द्या.

हा सोबती फार कामाचा असतो. हुशार मॉनिटर नको. खेळकर, थोडा बोलघेवडा आणि त्याच रस्त्यानं घरी जाणारा मुलगा बघावा. नव्या मुलाला पहिल्या दिवसांत ज्या गोष्टींची भीती वाटते त्या आपल्याला क्षुल्लक वाटतात: पाणी कुठे प्यायचं, मधल्या सुट्टीत कुणाशेजारी बसायचं, घंटा झाल्यावर कोणत्या रांगेत उभं राहायचं. पोषण आहाराची खिचडी घेऊन एकटं भिंतीकडे तोंड करून खाणारं मूल तुम्ही पाहिलं असेल. त्याचं पोट दुसऱ्या दिवशी सकाळी दुखतं.

गुरुजींचं पत्राला उत्तर आलं नाही, पण फोन आला. त्यांनी एक चांगली शंका काढली. वर्गात दुसरा एक पावरा मुलगा होता आणि दोघं एकत्र बसले तर पावरीतच बोलतील, म्हणून त्यांना मुद्दाम लांब बसवलं होतं. हेतू चांगलाच. माझं मत उलट आहे. सुरुवातीचे दोन-तीन महिने त्यांना शेजारी बसू द्यावं. आपल्या माणसाला धरून बसलेलं मूलच दुसऱ्याकडे हात पुढे करतं. सगळ्यांपासून तोडलेलं मूल कुणाकडेच जात नाही. नंतर खेळाच्या गटात त्यांना वेगवेगळं करावं, कारण कबड्डीत आणि लंगडीत भाषा कमी लागते.

नाव नीट उच्चारणं हेही तितकंच महत्त्वाचं. हजेरीत नाव तोडून-मोडून किंवा 'ए पावऱ्या' अशी हाक मारली जात असेल तर ते तिथेच थांबवायला हवं, आणि ते काम शिक्षकांचंच. होळीच्या आधी सातपुड्यात भोंगऱ्याचा बाजार भरतो. ढोल, पावा, नवे कपडे, आणि मुलं शाळा बुडवून जातात. परत आल्यावर "कुठे उलथला होता?" असं विचारता येतं, किंवा "भोंगऱ्यात काय पाहिलंस, सांग" असंही विचारता येतं. दुसरा प्रश्न विचारलेल्या वर्गात एरवी गप्प असलेली मुलं बोललेली शिक्षकांनी मला सांगितली आहेत.

मोठ्या मुलांसाठी, म्हणजे सातवीच्या पुढे, एक वेगळी गोष्ट उपयोगी पडते. अमेरिकेत ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या संशोधकांनी 2011 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या मुलांना त्यांनी वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांचे अनुभव वाचायला दिले: सुरुवातीला मलाही परकं वाटलं, मग हळूहळू ठीक झालं. एवढाच उपाय, तासाभराचा. त्यानंतरच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण आणि स्वतःच्या तब्येतीबद्दल त्यांनी दिलेले अहवाल सुधारले. आपल्या आश्रमशाळांमध्ये आणि वसतिगृहांमध्ये हे करायला पैसा लागत नाही. दहावीतल्या मुलीनं नव्या आलेल्या पाचवीच्या मुलींना सांगावं की मीही पहिली दिवाळी येईपर्यंत रोज रात्री रडायचे.

आश्रमशाळेतल्या मुलांच्या पालकांना एक विनंती. दिवाळीच्या सुट्टीनंतर मूल परत जायला तयार नसतं, तेव्हा 'बाजारात जाऊन येऊ' असं खोटं सांगून नेऊन सोडू नका. पुन्हा कधी भेटणार तो दिवस ठरवून सांगा आणि तो पाळा. फसवून सोडलेल्या मुलाला नंतर आईवडील पाच मिनिटं उशिरा आले तरी घाम फुटतो.

संडासचा विषय

हा विषय कुणी काढत नाही, म्हणून मी मुद्दाम काढतो. मोकळ्या जागेत जायची सवय असलेल्या मुलाला शाळेचा बंद, अंधारा, कधी कडी नसलेला संडास भीतिदायक वाटतो. मग ते दिवसभर रोखून धरतं. पाणी पीत नाही, कारण लघवीला लागेल. आठवड्याभरात बद्धकोष्ठ होतं, शौचाचा कडक गोळा होतो, पोट दुखतं, कधी चड्डी खराब होते आणि मुलं चिडवतात. मुलींना लघवीचा जंतुसंसर्ग होतो. वयात आलेल्या मुली तर पाळीच्या चार दिवसांत घरीच बसतात. पोटदुखीची जी मुलं माझ्याकडे येतात त्यातल्या बऱ्याच जणांचा उपचार इथेच सुरू होतो: सकाळी जेवणानंतर दहा मिनिटं शांतपणे शौचाला बसणं, दिवसभर पाणी, घरातली भाजी-भाकरी, केळी (आमच्याकडे तिचा तोटा नाही), गरज पडली तर काही आठवडे मल मऊ करणारं औषध. आणि सोबत्याला सांगणं की तो आत गेला की तू बाहेर उभा राहा.

कधी हे साधं नसतं

शाळेत मूल जायला घाबरतं याचं कारण कधी कधी शाळेतच असतं. कुणी मारतं, डबा हिसकावतं, जातीवरून बोलतं, वेगळं बसवतं, किंवा कुणी मोठा माणूस नको तिथे हात लावतो. 'शाळेत कसं चाललंय' असं विचारलं की मूल 'बरं' म्हणतं. त्याऐवजी विचारा: शाळेतली कोणती जागा तुला अजिबात आवडत नाही? मधल्या सुट्टीत कोणाजवळ असतोस? कुणाची भीती वाटते का? लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानं तो पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, डॉक्टर आणि शिक्षक दोघांनाही. मुलांसाठीची मदतवाहिनी 1098.

पुरात घर वाहून गेलेलं, घर पाडताना किंवा हाणामारी होताना पाहिलेलं मूल असेल तर वेगळी काळजी घ्यावी लागते. तीच घटना पुन्हा पुन्हा खेळात किंवा स्वप्नात येणं, मोठ्या आवाजाला दचकणं, सुटलेलं अंथरुण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, आवडत्या गोष्टीत रस न उरणं हे महिन्याहून जास्त टिकलं तर मानसोपचाराची गरज आहे. मरण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या गोष्टी बोलणाऱ्या मुलाला मात्र एक दिवसही थांबवू नका. प्रवासाला पैसे नाहीत, तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ नाही, अशा वेळी टेली मानसचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

दाखला नाही म्हणून प्रवेश नाही?

स्थलांतरित पालक सगळ्यात जास्त इथे अडतात. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयाचा पुरावा नाही म्हणून किंवा आधीच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. त्याला वयानुसार वर्गात घ्यायचं आणि मागे पडलेल्या अभ्यासासाठी जादा शिकवायचं, असंही कायदा सांगतो. मधेच गाव बदलणाऱ्या मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्ड आहे. ते जुन्या शाळेतून घ्यायचं आणि नव्या शाळेत दाखवायचं. नऊ वर्षांच्या मुलाला दाखला नाही म्हणून पहिलीत सहा वर्षांच्या मुलांसोबत बसवलेलं मी पाहिलं आहे. त्याला रोज डोकं दुखायचं.

आमच्या त्या पोराचं पुढे असं झालं. पहिले दोन आठवडे पोट दुखतच राहिलं, वडील रोज शाळेपर्यंत सोडायला जात आणि पोर दरवाजाशी रडे. तिसऱ्या आठवड्यात दुखणं आठवड्यातून दोन दिवसांवर आलं. गणपतीनंतर आई गुडघा फुटला म्हणून घेऊन आली. पोटाबद्दल मीच विचारलं, तेव्हा ती म्हणाली, सोमवारी अजून थोडं दुखतं. हिमोग्लोबिन 10.8 वर आलं होतं. मुलानं मला मराठीत उत्तर दिलं नाही, पण सोबत आलेल्या मित्राच्या कानात काहीतरी सांगितलं आणि मित्रानं मला सांगितलं: "तो म्हणतो, सुई नको."

आखाजीच्या सुमारास सालदारकी बदलली आणि ते कुटुंब चोपड्याच्या बाजूला गेलं. जाण्याआधी वडील आले होते. मी त्यांना एका पिशवीत ठेवायला सांगितलं ते असं: शिक्षण हमी कार्ड, लसीकरणाचं कार्ड, सिकलसेलचा रिपोर्ट, हिमोग्लोबिनचे आकडे लिहिलेला केस पेपर आणि लोहाच्या गोळ्या किती महिने झाल्या, किती राहिल्या याची नोंद. वर्गातल्या मुलांचा निरोप घ्यायला त्याला एक दिवस शाळेत नेऊन आणा, असंही सांगितलं. निरोप न घेता एका रात्रीत उचललेलं मूल नव्या शाळेत मित्र करायला कचरतं. आणि नव्या गावात जूनमध्ये पोट पुन्हा दुखायला लागेल, तेव्हा सलाइन लावायच्या आधी मला फोन करा.